साठ-सत्तर हजारांत स्टेजचा कीबोर्ड : आवाज बघू, बांधणी बघू की वजन?

तीव्रमध्यम (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, अधूनमधून एखादं नाट्यपद. सोसायट्यांचे कार्यक्रम, ज्येष्ठ नागरिक संघ, लग्नाच्या आदल्या दिवशीचं संगीत, आणि गणपतीत सलग आठ-नऊ दिवस. मी कीबोर्डला.

गेली सात वर्षं एकच घरगुती कीबोर्ड वाजवतेय, आत स्पीकर असलेला, बावीस हजारांत घेतलेला. बिचाऱ्याने इमानेइतबारे साथ दिली. पण मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका हॉलमध्ये मधली काळी दोन (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) दाबली की तोफ उडावी तसा आवाज यायला लागला. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. आणि आमच्या गायिकेची पट्टी नेमकी काळी दोन. षड्ज टाळून दोन तास साथ करून दाखवा एकदा!

तर आता नवा घ्यायचाय. बजेट सत्तर हजार, फारच ताणलं तर पंच्याऐंशी. डोक्यात आहेत ते असे : यामाहा एमएक्स-६१, रोलंड जुनो-डीएस६१, यामाहा सीके-६१, नाहीतर सरळ ८८ पट्ट्यांचा स्टेज पियानो, म्हणजे यामाहा पी-२२५ किंवा रोलंड एफपी-३०एक्स. दुकानात एफपी-३०एक्स हेडफोन लावून वाजवला आणि खरं सांगते, उठवेना. बाकीचे त्याच्यापुढे खेळणी वाटले.

राहते सदाशिव पेठेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वाहन अ‍ॅक्टिव्हा. काय करू?

पेठेतला_पियानो
उठवेना म्हणालात तिथेच उत्तर आलं. बोटांना आवडलं ते घ्या. हॅमर अ‍ॅक्शनवर, म्हणजे पियानोसारख्या जड पट्ट्यांवर, सहा महिने वाजवलंत की हलक्या पट्ट्यांवर बोट ठेववत नाही. खर्जात पट्टी जड, वर जाल तशी हलकी, खऱ्या पियानोसारखी. हाताला वळण लागतं ते त्यावरच. आणि त्या किमतीत त्या दर्जाचा पियानो इतर कशातच मिळत नाही, कारण सगळे पैसे एकाच आवाजात आणि पट्ट्यांत घातलेले असतात.

करंडकवाला
ताई, आधी एक शंका. काळी दोन बिघडली होती तर ट्रान्स्पोज (सगळे सूर सरकवणारी सोय) एक वर करून काळी दोन ऐवजी पांढरी दोनला सा धरायचा ना? बिघडलेली पट्टी मग कोमल रिषभावर गेली असती. तुमच्या किती गाण्यांत तो लागतो?

तीव्रमध्यम
@करंडकवाला, सुचलं नाही हो!! आत्ता वाचून कपाळावर हात मारला. घरातले सगळे हसतायत.

वायरवाला
मी वाजवत नाही, मिक्सरमागे उभा असतो. म्हणून जरा वेगळ्या बाजूने सांगतो.

तुम्ही दुकानात हेडफोनवर ऐकलात तो पियानो दोन माइकांनी रेकॉर्ड केलेला असतो. डाव्या कानात खर्ज, उजव्या कानात तार, मधोमध तुम्ही बसलेल्या. आता कार्यक्रमाला येता तेव्हा मी तुमच्या हातात काय देतो? एक वायर. एकच. सोसायटीच्या हॉलमधलं साउंड बहुधा मोनोच असतं, म्हणजे डावं-उजवं वेगळं नाही, आणि नसलं तरी तबला, ढोलक, दोन गायक, निवेदक, गिटार यांच्यातून कीबोर्डला दोन चॅनल कोण देणार? मग डावं-उजवं एकत्र केलं की दोन माइकांतले काही सूर एकमेकांना खातात. हेडफोनवर उठू न देणारा तो पियानो हॉलमध्ये पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा लागतो. गंमत म्हणजे ज्या सॅम्पलचा, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाचा, थाट त्या रुंदीवर उभा असतो, ते मोनोत जास्त मार खातं. साध्या वाद्यातला साधा पियानो कधीकधी अख्ख्या ग्रुपमध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतो. माझा अनुभव आहे, वाद घालू नका.

म्हणून दुकानात जाल तेव्हा हेडफोन घरी ठेवा. मागच्या लेफ्ट/मोनो जॅकमधून एकच वायर एका स्पीकरला लावायला सांगा आणि दुकानाच्या दारात जाऊन ऐका, दुसऱ्या कोणाला तरी वाजवू दे. काही वाद्यांत आतच मोनो पियानोचा टोन असतो, तो आधी शोधा. आणि एक जुनी युक्ती : फक्त लेफ्टला वायर लावली तर यंत्र दोन्ही बाजू मिसळून देतं. राइटमध्ये नुसता रिकामा जॅक खुपसून ठेवला तर लेफ्टमधून निव्वळ डावी बाजू येते. पुष्कळदा तीच बरी लागते.

आणखी एक. ८८चं घेणार असाल तर मागची बाजू बघून घ्या. यामाहाचा पी-१४५ किंवा रोलंडचा एफपी-१० यांना वेगळा लाइन आउट (साउंडला जोडायचा जॅक) नाही, फक्त हेडफोनचं भोक. पी-२२५ आणि एफपी-३०एक्सला आहे. हेडफोनच्या भोकातून हॉलचं साउंड चालतं, पण मग मला शिव्या घालायच्या नाहीत.

तीव्रमध्यम
बाप रे. हे दुकानदाराने सांगितलंच नाही. तो म्हणाला, "मॅडम, साउंड बघा साउंड!"

पेठेतला_पियानो
वायरवाले, तुमचं बरोबर आहे, पण अर्धंच. प्रेक्षकाला शेवटी काय पोहोचतं एवढ्यावर वाद्य घ्यायचं का? वाजवणाऱ्याला स्वतःला जे ऐकू येतं आणि बोटाला जे लागतं त्यावर तो कसा वाजवतो हे ठरतं. वाईट पट्ट्यांवर चांगला माणूससुद्धा पोस्टमनसारखा वाजवतो. दार वाजवलं, पत्र टाकलं, पुढे.

जुनेखोड
मी १९८६ पासून ऑर्केस्ट्रात वाजवतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, माफी असावी.

पेठेतल्या पियानोला माझा आदर आहे, पण ताईंनी गाण्यांची जी यादी दिली आहे त्यात पियानो किती आहे? जुनी हिंदी गाणी म्हणजे व्हायोलिनचा ताफा, अ‍ॅकॉर्डियन, बासरी, मेंडोलिन, शहनाई, संतूर. भावगीतात बासरी आणि सतार. नाट्यपदाला पायपेटीच्या ऑर्गनचा आवाज. निव्वळ पियानोची गाणी दोन, फार तर तीन. कीबोर्डवाला म्हणजे आमच्यात अख्खं वाद्यवृंद एका माणसात कोंबलेलं असतं. आणि हॅमर अ‍ॅक्शनवर बासरीची जलद हरकत घेऊन बघा. पट्टी वर यायच्या आत गायक समेवर.

दुसरं, मींड. आपल्या गाण्यात सूर सरळ उभा राहत नाही. पिच बेंड लागतोच. पी-२२५ आणि एफपी-३०एक्सला तो दांडाच नाही, हे कागदावर कोणी ठळक छापत नाही. यामाहाच्या एमएक्सला दोन चाकं आहेत, रोलंडच्या जुनोला आडवा दांडा, डावी-उजवीकडे ढकलला की सूर वाकतो, पुढे ढकलला की कंप. मला दांडाच सोयीचा पडतो, सोडला की स्वतःहून मध्ये येतो. माझ्या एका शिष्याला चाकंच लागतात. ज्याचं त्याचं.

वजनाबद्दल काय सांगू. मी डीएक्स-७ उचलून फिरलोय. १९८३चं वाद्य, एका वेळी सोळा सूर, चौदा किलो. नंतर कॉर्गचा एम-१ आला १९८८ला, तोही सोळाच सूर. आज पाच किलोच्या खोक्यात एकशे अठ्ठावीस सूर येतात आणि पोरं तक्रार करतात की अ‍ॅटॅक, म्हणजे सुराची सुरुवात, जरा मऊ आहे. करा बाबांनो. माझ्या कमरेतले दोन मणके डीएक्स-७च्या नावावर आहेत.

लाल_पेटी
जुनेखोड काका, नॉर्डचं काय मत? लाल रंग, स्वीडनची बांधणी, अ‍ॅडॉप्टरची भानगड नाही, सरळ कॉम्प्युटरसारखी जाड वायर. माझ्याकडे इलेक्ट्रो ६डी आहे, ६१ पट्ट्यांचा, आठ किलो. ऑर्गन आणि रोड्स (जुना इलेक्ट्रिक पियानो) ऐकून डोळे मिटतात.

जुनेखोड
बांधणी उत्तम, ऑर्गन उत्तम. पण इलेक्ट्रो ६ला पिच बेंड नाही. एवढे पैसे घालून शहनाई वाजवायला गेलात तर शहनाई सरळ उभी राहील, सावधान स्थितीत. आणि ताईंचं बजेट वाचा की राव.

लाल_पेटी
मी जॅझ वाजवतो, मला चालतं. :)

स्क्रूड्रायव्हर
दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे माझ्याकडे वाद्यं येतात ती रडतच येतात.

पहिल्यांदा तुमच्या काळी दोनची तोफ. प्रत्येक पट्टीखाली रबराची पट्टी असते, तिच्यात दोन काळे ठिपके. पट्टी दाबली की आधी पहिला टेकतो, मग दुसरा. दोघांच्या मध्ये किती वेळ गेला त्यावरून यंत्र ओळखतं की बोट हळू आलं की जोरात. पहिल्या ठिपक्याखाली धूळ बसली की तो टेकल्याचं कळतच नाही, दुसरा एकटाच कळतो. पुष्कळ वाद्यं मग समजतात की बोट विजेच्या वेगाने आलं, आणि सूर पूर्ण आवाजात सोडतात. म्हणजे पट्टी मेलेली नाही, तिला नीट ऐकू येत नाही.

इलाज : उघडा, रबराची पट्टी अलगद काढा, खालच्या सर्किटवरचे काळे चौकोन आणि रबराचे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूस बुडवून हलकेच पुसा. घासायचं नाही, पॉलिश पेपर तर चुकूनही नाही, काळा थर निघून गेला की संपलं. वाळू द्या, तशीच परत बसवा. गणपतीनंतर माझ्याकडे अशी वाद्यं रांगेने येतात, आतून गुलाबी. गुलाल पट्ट्यांच्या फटीतून कुठवर जातो हे बघितलंत तर आरतीला कीबोर्डवर शाल टाकून बसाल. तर जुना फेकू नका.

आता बांधणी. लोक पत्रा ठोकून बघतात. धातूचं आवरण असलं म्हणजे मजबूत, प्लास्टिक म्हणजे खेळणं, असं काही नसतं. वरचं खोकं फुटून आलेलं वाद्य मी वर्षाला एखादं बघतो. मरतं काय, तर क्रमाने : अ‍ॅडॉप्टरची पिन जिथे घुसते ते भोक, मग मागचे जॅक, मग आवाजाची खुंटी, आणि शेवटी पट्ट्या. स्टेजवर कोणीतरी वायरीत पाय अडकवतं, जॅक आडवा ओढला जातो, आणि तो जॅक आत नुसता सर्किटवर डाग देऊन उभा असला तर डागच तुटतो. म्हणून दुकानात वाद्य उलटं करा. जॅकभोवती धातूची चकती आणि नट असेल तर झटका आवरणावर येतो, सर्किट वाचतं. नुसतं प्लास्टिकचं भोक असेल तर वायर आधी स्टँडला एक वेढा देऊन मग लावायची सवय करा. फुकट आहे आणि माझं गिऱ्हाईक कमी करतं.

करंडकवाला
मी उलट सल्ला देतो. कॉलेजच्या स्पर्धांत आम्ही भारतीय टोनवालं स्वस्तातलं वाद्य आणि शेजारी लॅपटॉप असंच नेलं. रोलंडच्या एक्सपीएस-१०मध्ये आपले भारतीय आवाज तयार मिळतात, सूरही स्केलप्रमाणे हलवता येतात. यामाहाचा पीएसआर-आय५०० आणखी स्वस्त, त्यात तबला-तानपुराही आहे. उरलेल्या पैशात लॅपटॉपवर हवे ते आवाज. सत्तर हजार कशाला?

वायरवाला
लॅपटॉपवाल्या मंडळींना माझा साष्टांग नमस्कार. चार्जर लावला की हॉलभर घुंऽऽऽ, काढला की बॅटरी अंतऱ्यात संपते. डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायची डबी) आणत असाल आणि त्याचं ग्राउंडचं बटण कुठे आहे हे माहीत असेल तरच या.

करंडकवाला
आम्ही पहिले आलो होतो ओ.

वायरवाला
परीक्षक नाटक बघत होते.

मुळशीकर
(शांतता राखा.) मूळ प्रश्न राहतोय. सीके-६१बद्दल कोणी लिहिलं नाही. मी वाजवतो. २०२३चं वाद्य, साडेपाच किलोच्या आसपास, आत छोटे स्पीकर, पेन्सिल सेलवर चालतं. वर ऑर्गनचे नऊ सरकते दांडे, प्रत्येक गोष्टीला वेगळं बटण, मेन्यूत शिरावं लागत नाही. हे मला सगळ्यात मोलाचं. अंधारात, घाम आलेल्या बोटांनी, निवेदक विनोद सांगत असताना आवाज बदलायचा असतो. एमएक्सचे आवाज यामाहाच्याच मोठ्या मोटिफ एक्सएसच्या घराण्यातले, या किमतीत ते भरपूर झालं. पण नव्या माणसाला त्याच्या छोट्या पडद्यावर भटकावं लागतं. मात्र आपले देशी आवाज सीकेत शोधत बसाल तर हिरमोड होईल. तो पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज यांचा माणूस आहे.

तीव्रमध्यम
सगळ्यांचे खूप आभार, रात्री दीडपर्यंत वाचत होते.

घरात बैठक झाली. एफपी-३०एक्स १४.८ किलो, त्यावर बॅग. लांबी सव्वा मीटरच्या वर, अ‍ॅक्टिव्हावर आडवा धरला तर लक्ष्मी रोडवर दोन्ही बाजूंच्या लोकांना लागेल. पी-२२५ साडेअकरा, तोही तेवढाच लांब. नवरा म्हणाला, "मी उचलीन की." गणपतीत हा दहा दिवस ढोलपथकात असतो. कोण उचलणार? मी म्हटलं, तू ताशा उचल.

शनिवारी दुकानात गेले. आमचा तबलजी बरोबर नेला. हेडफोन मागितलेच नाहीत. दुकानदार जरा नाराज झाला, पण एक स्पीकर लावून दिला. तबलजीला पेटीवर जेवढं येतं तेवढं वाजवायला सांगितलं आणि मी दारात, फुटपाथवर उभी राहिले. रिक्षा, हॉर्न, समोरच्या वडापाववाल्याचा झारा. त्या गोंगाटात एफपी आणि जुनो यांच्या पियानोत फरक कळला, पण चार हजारांचाही वाटला नाही. बासरीत मात्र कळला. जुनोची बासरी दांडा हलवल्यावर रडली. एमएक्सचीही चांगली होती, पण माझा अंगठा चाकावर सारखा उशिरा पोहोचत होता.

हात मात्र एफपीवरच रेंगाळला, हे कबूल करते.

पेठेतला_पियानो
:( ठीक आहे. निवृत्तीनंतर घ्या.

स्क्रूड्रायव्हर
जुनो घेणार असाल तर जुना मिळतोय का बघा, पुण्यात ऑर्केस्ट्रावाले वाद्यं बदलत असतात. तपासताना एक करा. साधा पियानोचा टोन लावा आणि खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी तीनदा दाबा, अगदी हळू, मध्यम, जोरात. एकसष्ट गुणिले तीन, पाच मिनिटं लागतात. विकणारा कंटाळला तरी करा. दांडा सोडल्यावर सूर जागेवर येतो का बघा, तानपुरा लावूनच. सेलचं झाकण उघडा, आत हिरवट पांढरं काही साचलं असेल तर सेल वर्षभर आत विसरले होते. मागचा जॅक लावून वायर बोटाने हलवा, खरखर आली तर किमतीतून कापा. आणि पेडलवर पाय ठेवून वाद्य चालू करू नका, पुष्कळ वाद्यं सुरू होताना पेडलची दिशा ठरवतात, मग ते उलटं चालतं आणि माणूस उगाच बिघाड समजून परत जातो.

जुनेखोड
आणि एक जादा अ‍ॅडॉप्टर. आधी अ‍ॅडॉप्टर, मग स्टँड, मग बॅग. माझ्या आजवरच्या कार्यक्रमांपैकी एक अ‍ॅडॉप्टरने खाल्ला होता, तो अजून स्वप्नात येतो.

तीव्रमध्यम
दीड महिन्यानंतर येतेय, गणपती झाले, घसा आणि बोटं दोन्ही बसलीत.

जुनो-डीएस६१ घेतला, जुना, त्रेचाळीस हजारांत. एका वादकाकडून, त्याला मोठं वाद्य घ्यायचं होतं. एकसष्ट गुणिले तीन केलं. अठराव्या पट्टीला तो म्हणाला, "ताई, तुम्ही इन्कमटॅक्समध्ये आहात का?" वरची एक पट्टी जोरात यायची, तेवढ्यावर दोन हजार कमी करून घेतले. घरी आणून पुसली, बरी झाली. त्याच दिवशी जुन्या कीबोर्डची काळी दोनही पुसली. आतून खरंच गुलाबी होता.

उरलेल्यात चांगली बॅग, जादा अ‍ॅडॉप्टर, आठ चार्ज होणारे सेल आणि वायरवाल्यांच्या सांगण्यावरून एक साधा डीआय बॉक्स. राइटमध्ये रिकामा जॅक खुपसते, फरक आहे. ५.३ किलो. तीन मजले पाठीवर, मध्ये एकदाही थांबावं लागत नाही.

तक्रारही सांगते. पट्ट्या हलक्या आहेत, त्या दोन-तीन पियानोच्या गाण्यांत मला अजून वाटतं की मी पाण्यावर बोटं आपटतेय. आणि एका बटणाखाली दोन-दोन कामं आहेत. मुळशीकर, तुमचं निवेदकाच्या विनोदाचं म्हणणं तंतोतंत पटलं. सातव्या दिवशी संतूरच्या जागी ब्रास वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, का ते माहीत नाही.

आणि नवव्या दिवशीची गंमत. शुक्रवार पेठेतल्या एका मंडळात आरती सुरू असताना जनरेटर बसला. दिवे गेले, माइक गेले, सगळं गेलं. माझा कीबोर्ड मात्र सेलवर चालू! पडदा मस्त उजळलेला. मी अभिमानाने वाजवत राहिले आणि दोन ओळींनंतर लक्षात आलं, आवाज कुठून येणार? जुनोत स्पीकरच नाहीत. तोपर्यंत टाळ आणि लोक पुढे निघून गेले होते. तबलजी म्हणाला, छान लागला होता हात.

मुळशीकर
म्हणून म्हणत होतो, सीके.

वायरवाला
जनरेटर कोणाचा होता ते सांगू नका. माझाच असेल.

तीव्रमध्यम
जुना कीबोर्ड खालच्या मजल्यावरच्या मुलीला दिलाय, तिसरीत आहे. रोज संध्याकाळी सात वाजता सा रे ग म. काळी दोन व्यवस्थित वाजते.